अबोलीच्या कुंडीवरून अडुळसा, कोरांटी, किराईत कशी ओळखायची

घरात अबोली असेल तर औषधी झाडं ओळखायला शिकायची याहून सोपी सुरुवात नाही. अबोली, कोरांटी, अडुळसा, किराईत, अगदी सह्याद्रीतली कारवीसुद्धा एकाच फॅमिलीतली आहेत, अकँथेसी.

आधी अबोलीचा अख्खा तुरा फांदीसकट तोडून घ्या. पानं समोरासमोर, कधी एकाच पेरावर चार-चार, आलेली दिसतील. मग तुऱ्यात फुलाखाली जी हिरवी टोकदार पानं असतात ती बघा, प्रत्येक फूल त्यातल्या एकाच्या आडून बाहेर येतं, गजरा करताना आपण फुलं खुडून घेतो त्यामुळे हे बघायचं राहूनच जातं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. एखादा तुरा झाडावरच वाळू द्या आणि नंतर वाटीभर पाण्यात टाका. थोड्या वेळात बोंडं तडतड फुटतात आणि बिया लांब उडतात! बोंडाच्या आत बियांखाली बारीक आकडे असतात तेही दिसतील, ही या फॅमिलीची पक्की खूण. मुलांना जरूर दाखवा.

मग अडुळसा शोधा, शेताच्या बांधावर किंवा कुंपणाला मिळेल, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत म्हणून मुद्दाम लावतात. पानं मोठी आणि कडू, समोरासमोरच. तुऱ्यात तशीच हिरवी पानं, पण अबोलीच्या पाकळ्या पंख्यासारख्या एकाच बाजूला पसरतात आणि अडुळशाच्या पांढऱ्या फुलाला दोन ओठ असतात, खालच्यावर जांभळट रेषा. याच्या पानातल्या वासिसीन नावाच्या द्रव्यावरूनच कफ सिरपमधलं ब्रोमहेक्झिन तयार झालं.

कोरांटी सोपी, पिवळं फूल आणि पानांच्या बगलेत काटे. दातदुखीला हिचाच पाला चावतात. बागेतली पांढरी-जांभळी कोरांटी तिची बहीण, पण तिला असे काटे नसतात.

किराईत मात्र लहान रोप, चौकोनी खोड, पांढऱ्या इवल्या फुलावर जांभळे ठिपके, आणि कडू म्हणजे प्रचंड कडू. इथे तुऱ्यातली पानं अगदी बारीक असतात म्हणून खोड आणि फूल बघूनच ठरवा.

झाड ओळखलं म्हणून लगेच काढा करून पिऊ नका प्लीज. गरोदर बायकांनी अडुळसा आणि किराईत दोन्ही टाळावं, लहान मुलांना देण्याआधी वैद्यांना विचारा. आणि कुणाकडून ओळख पटवून घ्यायची असेल तर नुसत्या फुलाचा फोटो पाठवू नका, पानांची जोडी, तुरा आणि बोंड असे तिन्ही फोटो काढा.