किनाऱ्यावरचा शोषखड्डा : या चुका टाळा

कोकणपट्टीत संडासाचा शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, खणताना गवंडी हमखास सांगतो, "इथे पाणी उभंच राहत नाय, काळजी नको." घरमालक खूश होतो. खरं तर काळजी तिथूनच सुरू व्हायला हवी. पुळणीतून (किनाऱ्यावरच्या वाळूतून) किंवा जांभ्याच्या भेगांतून पाणी सरसर खाली गेलं, तर जंतू गाळले जायला सवडच मिळत नाही. वाडीत विहीर, न्हाणी आणि संडास हाकेच्या अंतरावर असतात. मुरलेलं पाणी कुठेतरी निघतंच, आणि ते 'कुठेतरी' बऱ्याचदा शेजाऱ्याची विहीर असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मे महिन्यात खड्ड्याची खोली ठरवणं. खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून 2 मीटर तरी वर हवा, आणि ती पातळी येते भर पावसाळ्यात. विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर भर पावसातल्या पाण्याची शेवाळी रेघ उन्हाळ्यातही दिसते. मोजायचं ते त्या रेघेपासून. खाडीकाठी विहिरीचं पाणी भरतीबरोबर हलत असेल, तर उधाणाची पातळी धरा. तेवढं अंतर मिळत नसेल तर खोल जाऊ नका. खड्डा उथळ आणि रुंद ठेवा, जोतं उचला आणि भोवती मातीचा भराव घाला. खर्च वाढतो, पण विहीर वाचते.

पुळणीवर साधा जाळीदार, म्हणजे भिंतीत छिद्रं ठेवलेला खड्डा चालत नाही. अशा भरड जमिनीत तळ काँक्रीटने बंद करून भोवती 50 सेंटिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर द्यायचा असतो, आणि विहिरीपासून निदान 10 मीटर अंतर ठेवायचं असतं. वाळूवरच बांधताना आणखी वाळू विकत आणायची, हे कुणाला पटत नाही. पण किनाऱ्याची भरड वाळू आणि गाळणारी बारीक वाळू एक नव्हे.

सेप्टिक टँक बांधला म्हणजे पाणी शुद्ध झालं, हाही असाच गोड गैरसमज. टाकीत गाळ खाली बसतो, बाहेर येणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं. तो पाइप पऱ्यात (ओढ्यात) किंवा खाडीत सोडणाऱ्याने एवढंच आठवावं, की त्याच खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) पाणी गाळून जगतात आणि जंतू अंगात साठवतात. त्या तिसऱ्यांचं सुकं आपल्याच ताटात येतं.

घरगुती होमस्टेवाल्यांचा घोटाळा वेगळा. टाकी पाच माणसांची, दिवाळीत पाहुणे पंधरा. पाणी टाकीत थांबायच्या आत बाहेर पडतं आणि गाळ शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रं बुजवतो. मासे तळल्याचं तेल त्यात गेलं तर विचारूच नका. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी वेगळं काढा, मोरीला तेल अडवणारं छोटं चेंबर द्या आणि ते पाणी केळी-माडांना सोडा.

काही तक्रारी आणि त्यांची कारणं:

पावसात संडास तुंबतो, ऊन पडलं की सुरळीत होतो? भूजल खड्ड्यात शिरतंय. मैला उपसून उपयोग नाही, दोन दिवसांत पाणी पुन्हा भरेल. शिवाय भर पावसाळ्यात रिकामी केलेली प्लास्टिकची टाकी खालच्या पाण्याने वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसा दर दोन-तीन वर्षांनी, शक्यतो दिवाळीनंतर करा.

दोन खड्ड्यांच्या संडासात दोन्ही एकदम भरले? दोन्ही खड्ड्यांकडे वाट काढून देणाऱ्या चेंबरमधलं एक तोंड बंदच केलेलं नाही. एका वेळी एकच खड्डा वापरात हवा, भरलेला दुसरा दीड-दोन वर्षं बंद राहिला की त्याचं खत होतं.

वास येतो? ॲसिड-फिनेल ओतणं आधी थांबवा, मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

झाकणावर गंजाचे डाग दिसले तर मात्र थांबू नका. खाऱ्या हवेत आतल्या सळ्या फुगून काँक्रीट फोडतात, आणि अंगणातल्या त्याच झाकणावर पोरं खेळत असतात.

विहिरीची शंका आली की टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मोकळं होऊ नका. पाण्याची जंतुतपासणी पाऊस सुरू झाल्यावर आणि पुन्हा उन्हाळ्यात करून घ्या. पावसाळ्यातच नमुना दूषित येत असेल, तर आधी खड्ड्याचा तळ बघा.