हार्मोनच्या आजारांची अवघड नावं कशी वाचावीत

रिपोर्टवर 'सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम' असं काही दिसलं की पोटात गोळा येतो. पण ही नावं दोन-तीन तुकडे जोडून केलेली असतात आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा भेटतात. ते ओळखता आले की डॉक्टरांसमोर काय विचारायचं ते सुचतं.

१. आधी सुरुवात बघा. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, उपचार मात्र उलटे. त्यामुळे फोनवर ऐकून समजूत करून घेऊ नका, कागदावर वाचा. "मला थायरॉइड आहे" असं आपण सर्रास म्हणतो. त्याऐवजी "माझी थायरॉइड कमी काम करते" असं सांगा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी गोंधळ होणार नाही.

२. मग ग्रंथी शोधा. थायरॉइड गळ्यात पुढच्या बाजूला, पिट्युटरी मेंदूच्या तळाशी, अ‍ॅड्रिनल दोन्ही मूत्रपिंडांच्या वर. फसवं नाव एकच: पॅराथायरॉइड. थायरॉइडच्या मागे बहुधा चार इवल्याशा ग्रंथी असतात, त्या या. त्यांचं काम रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. 'हायपरपॅराथायरॉइडिझम'चा थायरॉइडच्या गोळीशी संबंध नाही.

३. शेवट वाचा. 'आयटिस' म्हणजे दाह, 'ईमिया' म्हणजे रक्तातली स्थिती, 'ओमा' म्हणजे गाठ. 'ओमा' पाहून लगेच कॅन्सर धरून चालू नका. 'अ‍ॅडेनोमा' ही कर्करोगाची गाठ नसते.

४. 'प्रायमरी' की 'सेकंडरी', हे नीट बघा. इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात. प्रायमरी म्हणजे आजाराची सुरुवात नव्हे. बिघाड त्या ग्रंथीतच आहे, एवढाच त्याचा अर्थ. सेकंडरी म्हणजे ग्रंथी ठीक, पण बिघाडाचं कारण तिच्या बाहेर; बऱ्याचदा तिला हुकूम देणारी पिट्युटरी कमी पडते किंवा अति करते.

टीएसएच हा असाच पिट्युटरीचा हुकूम आहे, थायरॉइडचा हार्मोन नव्हे. थायरॉइड मंदावली की हुकूम वाढतो. म्हणून टीएसएच वर आणि टी-४ (हा थायरॉइडचा हार्मोन) खाली असेल तर थायरॉइडच कमी काम करते आहे. टीएसएच वाढलेला, पण टी-४ मर्यादेत, याला सबक्लिनिकल म्हणतात. टीएसएच जवळपास शून्य आणि टी-४ जास्त, तर बहुधा थायरॉइड अति काम करते आहे. टी-४ कमी असूनही टीएसएच वाढलेला नसेल, तर पिट्युटरीबद्दल जरूर विचारा. आकडे नेहमी त्याच रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. गरोदरपणात मर्यादा वेगळ्या असतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी सांगा, त्याने आकडे चुकू शकतात.

५. माणसांची नावं वेगळी हाताळा. अ‍ॅडिसन, ग्रेव्हज, हाशिमोटो ही डॉक्टरांची नावं; त्यांचे तुकडे पाडून काही कळत नाही. 'कुशिंग'पुढे मात्र कोणता शब्द आहे ते बघा. 'सिंड्रोम' म्हणजे कोणत्याही कारणाने कॉर्टिसॉलचा (अ‍ॅड्रिनलच्या हार्मोनचा) परिणाम वाढणं, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स. 'डिसीज' म्हणजे पिट्युटरीतल्या गाठीमुळे झालेलं. आणि कळकळीने सांगते, सिंड्रोमचं नाव ऐकून स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका. अ‍ॅड्रिनल ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते, आणि अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

६. जुनं नाव असेल तर नवंही टिपून ठेवा. 'डायबेटिस इन्सिपिडस'मध्ये तहान आणि लघवी प्रचंड वाढते, पण साखरेचा काही संबंध नसतो. नावामुळे उपचारात गफलती झाल्या, रुग्णांना इजा झाली, म्हणून २०२२मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी नवी नावं सुचवली: व्हॅसोप्रेसिन हा हार्मोन कमी पडत असेल तर 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी', मूत्रपिंडं त्याला दाद देत नसतील तर 'रेझिस्टन्स'. घरात कुणाला हा आजार असेल तर फाइलच्या पहिल्याच पानावर दोन्ही नावं, डेस्मोप्रेसिन (त्या हार्मोनची जागा घेणारं औषध) चालू असेल तर त्याचा डोस आणि "हा साखरेचा आजार नाही" हे ठळक लिहून ठेवा.