निकॉन एफएम, एफएम२ की एफएम२एन? जुना कॅमेरा घेताना या चुका टाळा

‘एफएम२, चकाचक कंडिशन’ अशी जाहिरात आणि सोबत फक्त समोरून काढलेला फोटो. एवढ्यावर पैसे पाठवायचे नाहीत. १९८२चा एफएम२ आणि १९८४पासूनचा एफएम२एन, दोघांच्या तोंडावर नाव एकच: एफएम२. विकणाऱ्याकडे दोन फोटो मागा, पाठीवरच्या सीरियल नंबरचा आणि शटरचा वेग ठरवणाऱ्या वरच्या डायलचा (त्यावरचा २५० म्हणजे सेकंदाचा १/२५०). नंबराआधी इंग्रजी ‘एन’ आणि डायलवर २५० लाल असेल, तर तो एफएम२एन. पहिल्या एफएम२ला फ्लॅशसाठी २००ची वेगळी खूण असते. १९७७च्या मूळ एफएमचा डायल १०००लाच संपतो आणि त्याचा लाल आकडा १२५.

हा लाल आकडा म्हणजे फ्लॅशसाठी चालणारा सर्वांत जास्त वेग, तो हलक्यात घेऊ नका. त्याहून जास्त स्पीडला फ्लॅश मारला की शटरच्या पडद्याने फ्रेम अर्धवट झाकलेली असते. मित्राचा एफएम मी एफएम२एनच्या सवयीने २५०वर ठेवून एका बारशाचा अख्खा रोल घालवलाय. रोल धुऊन आला तर बायकांचे चेहरे लख्ख आणि खाली पाळण्याच्या जागी काळा पट्टा.

एफई हा दिसायला यांचा जुळा भाऊ, पण आतून यांत्रिक नव्हे, इलेक्ट्रॉनिक. डायलवर ऑटो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काटा दिसला की तो एफई. ‘सेलशिवाय चालतो’ असं कुणी सांगितलं तर तिथेच सेल काढा, डायल १ सेकंदावर आणा आणि बटण दाबा. दोन ‘खट्’च्या मध्ये पूर्ण सेकंद गेला पाहिजे. एफई सेलशिवाय फक्त एम९० (१/९० सेकंद) आणि बीवर (बटण दाबून ठेवाल तेवढा वेळ शटर उघडं) चालतो.

‘शटर जाम आहे’ म्हणून स्वस्तात निघालेला एफएम२ बघाच. रोल पुढे नेणारा लिव्हर बॉडीला चिकटलेला असेल तर बटण दबतच नाही. लिव्हर जरा बाहेर ओढा, बटण अर्धं दाबा, उजेड मोजणाऱ्या मीटरचे लाल दिवे लागतात. लिव्हर न ओढताच ‘जाम’ समजण्याची चूक विकणाऱ्याने केली तर आपली चांदी.

मागचं झाकण उघडल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसली तर शटरचा पडदा टायटॅनियमचा. नंतरच्या एफएम२एनमध्ये तो गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचा आहे, म्हणून ‘पडदा बदललाय’ असा आरोप करू नका. आणि बोट लावून तर अजिबात बघू नका.

सगळ्यात महागात पडते ती लेन्सची चूक. लेन्स जिथे बसते त्या माउंटभोवतीची बारीक पट्टी एफएममध्ये वर दुमडता येते, त्यामुळे १९७७च्या आधीच्या, एआय (लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला कळवण्याची निकॉनची पद्धत) नसलेल्या लेन्सही बसतात. एफएम२मध्ये ती दुमडत नाही. तिथे अशी लेन्स बळेच फिरवली की पट्टी गेलीच. लेन्सच्या रिंगवर धातूचे ‘कान’ आहेत की नाहीत यावरून काही ठरत नाही. अ‍ॅपर्चर रिंगवर आकड्यांची दुसरी, बारीक ओळ आहे का ते पाहा. ती नसेल आणि दुकानदार ‘बसते हो’ म्हणत जोर लावू लागला, तर कॅमेरा हळूच आपल्या हातात घ्या.