यांत्रिक झडप बसवल्यानंतर तब्येत कशी सावरावी

लहानपणी घसादुखीमागून येणाऱ्या संधिज्वराने, म्हणजे रुमॅटिक फीव्हरने, हृदयाची झडप खराब झालेले रुग्ण आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे ऐन तरुण वयात शस्त्रक्रियेला सामोरे जातात. त्यांच्यापैकी अनेकांना छातीचे मधले हाड उघडून यांत्रिक झडप बसवली जाते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. टाके सुकले की आजार संपला असे घरात सर्वांनाच वाटू लागते. परंतु यांत्रिक झडपेच्या बाबतीत ढिलाई सर्वाधिक महागात पडते ती नेमकी त्यानंतर.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी

झडप यांत्रिक आहे की प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, ती मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) आहे की महाधमनीच्या तोंडाशी, तिची कंपनी व आकार कोणता आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा) किती ठेवायचा आहे, हे सारे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले आहे ना, ते पाहून घ्यावे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली आणि १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवलेली चित्रा झडप असो किंवा परदेशी बनावटीची असो, झडपेचे कार्ड सतत जवळ बाळगावे, कारण पुढे एमआरआय काढताना किंवा दुसऱ्या गावी उपचार घेताना सर्वप्रथम तेच विचारले जाते.

छातीचे हाड जुळेपर्यंत

कापलेले हाड पोलादी तारांनी बांधलेले असते. ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे आणि पूर्ण मजबूत व्हायला सुमारे ३ महिने लागतात. या काळात दोन-तीन किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. भरलेली कळशी, गॅस सिलिंडर आणि कडेवर झेपावणारे मूल हे सारे त्यात आले. हापसा मारणे, कणीक मळणे, धावत बस पकडून दांडीला लोंबकळणे हेही टाळावे. जमिनीवर अंथरूण घालण्याऐवजी पलंग वापरावा. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग हाताच्या रेट्याशिवाय बसते व्हावे. खोकला किंवा शिंक आली की छातीशी उशी घट्ट धरावी. उकिडवे बसून शौचाला जोर लावावा लागू नये म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. दुचाकी ३ महिन्यांनंतरच चालवावी, तीही डॉक्टरांना विचारूनच. जखमेवर तेल, हळद किंवा लेप लावू नये. कुशीवर वळताना हाडात कटकट जाणवली, जखम लाल झाली किंवा तिच्यातून पाणी येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात दाखवावे.

चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे. आरंभी ५-५ मिनिटे दिवसातून दोन-तीनदा सपाट जागी चालावे आणि दर एक-दोन दिवसांनी थोडी भर घालत सहाव्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर यावे. चालता चालता बोलता येते तोवर वेग योग्य आहे असे समजावे. रुग्णालयातून दिलेल्या तीन छोट्या चेंडूंच्या उपकरणाने श्वासाचा व्यायाम चालू ठेवावा. या आठवड्यांत भूक मंदावते, झोप तुटते आणि उगाच रडू येते; हे बहुतेकांना होते आणि हळूहळू ओसरते, पण उदासी महिनाभराहून अधिक टिकली तर डॉक्टरांना सांगावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ कमी करावे आणि रोज सकाळी वजन पाहावे. एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढ झाली किंवा पाय सुजले, तर अंगात पाणी साठत असल्याची शक्यता असते.

आयएनआर सांभाळणे

यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. रक्त गोठण्याची चाल आयएनआर या चाचणीने कळते. महाधमनीच्या झडपेसाठी तो सहसा २ ते ३ आणि मायट्रलसाठी २.५ ते ३.५ ठेवतात, तुमचा आकडा मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. आरंभी चाचणी दर आठवड्याला किंवा त्याहूनही लवकर करावी लागते, तर आकडा स्थिरावल्यावर महिन्यातून एकदा. एका वहीत तारीख, आयएनआर आणि गोळीचे प्रमाण लिहीत जावे. घरात दुसरे काही शिस्तीने झाले नाही तरी चालेल, पण ही वही मात्र नेमाने भरली जावी असे मला मनापासून वाटते.

गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यावी. विसरल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. वॉरफरिन आणि निकुमॅलोन ही रक्त पातळ ठेवणारी दोन वेगळी औषधे असून मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी त्यांची अदलाबदल चालत नाही, त्यामुळे दुकानात पर्यायी गोळी पुढे आली तर परत करावी. डॅबिगॅट्रानसारखी नवी औषधे यांत्रिक झडपेसाठी वापरत नाहीत.

पालक, मेथी, अळू, शेवग्याचा पाला यांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम उतरतो, पण म्हणून पालेभाज्या बंद करण्याची गरज नाही. प्रमाण दर आठवड्याला सारखे राहणे महत्त्वाचे. श्रावणातले सलग उपवास किंवा पावसाळ्यात अचानक रोज रानभाजी, अशाने आकडा हलतो. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनॅझोल या जंतू-बुरशीवरच्या औषधांनी तो वाढतो आणि क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने घसरतो. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. काढे आणि गावठी औषधेही विचारल्याशिवाय नकोत.

ताप आणि दात

झडपेला जंतुसंसर्ग झाला तर तो जिवावर बेततो. दोन-तीन दिवस ताप राहिला तर अँटिबायोटिक सुरू होण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी चाचणी) घ्यायला सांगावे. आधीच गोळ्या पोटात गेल्या की जंतू सापडणे अवघड होते. दात काढणे किंवा हिरड्यांचे उपचार असतील तर दंतवैद्याला झडपेविषयी आधी सांगावे, म्हणजे अँटिबायोटिकची प्रतिबंधक मात्रा देता येते. मूळ आजार संधिज्वराचा असेल तर पेनिसिलिन झडप बदलल्यावरही चालू ठेवावे लागते. रक्त पातळ असताना स्नायूतील इंजेक्शनाने आत रक्त साचू शकते, म्हणून पेनिसिलिन कशा स्वरूपात घ्यायचे हे हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारावे.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, काळी शौच, डोक्याला मार, किंवा झडपेचा नेहमीचा टकटक आवाज मंदावून धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्त्रियांसाठी

गोळीमुळे पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. हिमोग्लोबिन तपासत राहावे. पहिल्या तिमाहीत वॉरफरिनने गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून मूल हवे असेल तर दिवस राहण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी एकत्र बोलावे. गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून गोळी स्वतःहून थांबवणे आईच्या जिवावर बेतू शकते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात दोघांना भेटावे आणि तोवर गोळी चालू ठेवायची की बदलायची, हे फोनवर विचारून घ्यावे.