एकट्यानं ट्रॅक्टरचं मागचं चाक कसं उतरवावं आणि परत कसं चढवावं

निपाणी-चिकोडीकडं साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मेकॅनिक सापडत नाही. गॅरेजपुढं चार ट्रॅक्टर आधीच उभे असतात, इकडं ऊसतोडीची टोळी फडात बसून असते आणि ट्रॉली अर्धी भरलेली असते. हाताखाली यायला घरात माणूस असेलच असं नाही. तरणी पोरं बेळगावात उद्यमबागेत नाहीतर पुण्यात कामाला आहेत. मग एकट्यानं काय करता येईल, हा प्रश्न येतोच. गेली कित्येक वर्षं मी माझ्या रानात हे काम एकट्यानं करतोय. त्यातलं मागच्या चाकाचं काम इथं सविस्तर सांगतो, कारण जड वस्तू एकट्यानं हलवायच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या या एका कामात येतात.

चाक उतरवायची वेळ बहुतेकदा रिममुळं येते. वजनासाठी आपण टायरमध्ये पाणी भरतो. ते व्हॉल्व्हच्या भोकाजवळ झिरपतं आणि तिथून रिम गंजून चिरते. अशी रिम टायर चढवलेला असताना कधीही वेल्डिंगला देऊ नका. हवा सोडलेली असली तरी आत वाफ आणि वायू साठून टायर फुटतो, आणि तो माणूस ठेवत नाही. टायर उतरवूनच वेल्डिंग करायचं.

आधी वजनाचा अंदाज

45-50 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा. त्यातला जास्त भार मागं असतो, म्हणून मागच्या एका चाकावर 600 ते 700 किलो धरून चाला. टायरमध्ये पाणी असेल तर 150 ते 200 लिटर, म्हणजे तेवढेच किलो आणखी. बाहेरून लोखंडी वजनं लावली असतील तर ती एकेक करून आधी उतरवा. हे आकडे डोक्यात असले की कुठं अंगबळ लावायचं आणि कुठं बिलकुल लावायचं नाही, ते कळतं.

काय काय लागतं

5 टनी बाटली जॅक, 6 फुटी पहार, पाना आणि त्याच्या दांड्यावर बसेल असा लांब पाइप, जाड दोर, जुन्या पत्र्याचा एक तुकडा, ग्रीस. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ठोकळे. बाभळीचे, 4 इंच बाय 4 इंच, दीड फूट लांब, निदान बारा नग. जुने रेल्वे स्लीपर मिळाले तर उत्तमच. दोन-तीन पातळ फळ्या आणि पाचरीही जवळ ठेवा.

विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका. एकदा घाईत मी ट्रॉलीचा ॲक्सल विटांवर टेकवला होता. लाकूड दबताना करकरतं, आपल्याला बाजूला व्हायला वेळ देतं. विटेनं कसलाच आवाज दिला नाही, एकदम भुगा झाला. माझा हात तेव्हा पाना आणायला बाहेर होता म्हणून राहिला. त्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये बाभळीचे ठोकळे वेगळे रचून ठेवलेले आहेत, आणि ते चुलीत घालायचे नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

जागा आणि उटी

सपाट, कोरडी, घट्ट जागा बघा. खानापूरकडच्या जांभ्याच्या तांबड्या जमिनीत जॅक बऱ्यापैकी टिकतो. काळ्या रानात मात्र वरून सुकलेलं दिसतं आणि खाली ओल असते, जॅक तिरका होऊन खचतो. तिथं जॅकखाली दोन फुटांची जाड फळी हवीच. ट्रॉली किंवा रोटाव्हेटर आधी सोडून ठेवा. ट्रॅक्टर असा थांबवा की चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली येईल, पाणी सोडायला ते लागणार आहे.

आता एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकला म्हणजे तो हलणार नाही, असं आपण समजतो. पण मागचं एक चाक जमिनीपासून सुटलं की डिफरेन्शियलमुळं, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळं, ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल पुढं सरकतं. म्हणून दुसऱ्या मागच्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडं उटी, म्हणजे चाक अडवायचे ठोकळे, ठोकून बसवा. पुढच्या चाकांनाही लावा. चावी काढून खिशात ठेवा.

दुसरं, पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झोपाळ्यासारखा हलतो. मागची एक बाजू उचलली की अख्खा ट्रॅक्टर त्या पिनवर कलंडायला बघतो. पुढच्या ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर मारून तो झोपाळा बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कितीही घाई असली तरी मी ते टाळत नाही.

उचलणं

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा आटा सैल करा. चाक अधांतरी असताना पान्यावर जोर दिला की ट्रॅक्टर जॅकवरून सरकतो. नट गंजले असतील तर आदल्या रात्री डिझेल घालून ठेवा. पान्याला पाइप लावून जोर द्या, पण पाना आपल्याकडं ओढा, ढकलू नका. सुटला तर तोंडावर आपटायला होतं.

जॅक मागच्या ॲक्सलच्या घराखाली, चाकाच्या जितका जवळ जाईल तितका लावा. जॅकच्या डोक्यावर पातळ फळीचा तुकडा ठेवा, लोखंडावर लोखंड घसरतं. आता एक इंच उचला आणि थांबा. जॅकशेजारी ठोकळे दोन आडवे, त्यावर दोन काटकोनात आडवे, अशी चौकट रचत वर न्या. पुन्हा एक इंच उचला, पुन्हा पाचर सरकवा. ॲक्सल आणि ठोकळा यांच्यात बोटभरापेक्षा जास्त फट कधी राहू देऊ नका. जॅकचं सील गेलं तरी ट्रॅक्टर बोटभरच खाली येईल. चौकटीची उंची रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको.

टायरखाली घातलेलं रिकामं पोतं ओढून निघालं की उचलणं थांबवा. त्याहून वर नेण्यात फायदा नाही, उलट चाक परत बसवताना त्रास. आता जॅक हळूच सैल करून भार ठोकळ्यांवर येऊ द्या आणि जॅक नुसता टेकून ठेवा.

जॅकच नसेल तर? ॲक्सलखाली ठोकळे गच्च रचा, वर पाचरी मारा, आणि टायरखालची माती खोऱ्यानं काढा. टायर खाली लोंबकळतो, ट्रॅक्टर तिथंच राहतो. भरवस्तीपासून लांबच्या रानात मी हे दोनदा केलंय. वेळ जातो, पण काम होतं.

चाक काढणं

व्हॉल्व्हची पिन काढून पाणी सोडा. हवेच्या दाबानं पहिली चिळकांडी जोरात येते, तोंड बाजूला ठेवा. पाणी गेलं तरी चाक दीडशे किलोच्या पुढंच असतं, तेव्हा ते उचलायचा विचारही करू नका. ते सरकवायचं असतं.

टायरखाली पत्रा सारा, त्याला ग्रीस फासा. चाकाच्या वरच्या अंगाला दोर बांधून त्याचं दुसरं टोक जवळच्या झाडाला थोडी ढील ठेवून बांधा, म्हणजे चाक कललं तरी आडवं पडणार नाही. मग नट काढा, वरचा एक शेवटी. पहारीनं हबजवळ थोडं थोडं रेटा. चाक पत्र्यावर उभ्या उभ्या बाहेर येतं. तुम्ही नेहमी टायरच्या नक्षीच्या बाजूला उभे राहा. चाक पडतं ते सपाट अंगावर, त्या बाजूला तुमचा पाय असता कामा नये.

परत बसवणं

इथं पहार सगळं काम करते. 6 फुटी पहारीच्या टोकापासून 6 इंचांवर ठोकळ्याचा टेकू द्या, म्हणजे तुमच्या बाजूला साडेपाच फूट राहतात. अकरापट जोर झाला. तुम्ही 40 किलोचा दाब दिला की तिकडं 440 किलो हलतात. चाक पत्र्यावरून आत सरकवा, टायरखाली पहार घालून दोन-चार सूत वर-खाली करत भोकं जुळवा. हबला पक्क्या बसवलेल्या स्टडऐवजी सुटे बोल्ट असतील तर दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते वरच्या भोकांत आधी फिरवून ठेवा. चाक त्यावर आपोआप ओळीत येतं, मग एकेक खरा बोल्ट घाला. भोक जुळलं का बघायला बोट आत घालू नका, बारीक सळी घाला.

नट समोरासमोरचे आवळत जा. चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा जोर द्या.

तिपाई आणि रोटाव्हेटर

रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स काढायला बोअरची मोटर काढणारे वापरतात तशी तीन पाइपांची तिपाई आणि 1 टनी चेन पुली पुरते. तिन्ही पाय खाली साखळीनं एकमेकांना बांधा, नाहीतर पाय फाकतात. भार तिपाईच्या बरोबर मध्ये, सरळ खाली लोंबला पाहिजे, तिरका ओढायचा नाही. दोन बाजूंनी साखळी घालताना ती फार पसरट ठेवू नका. जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला की प्रत्येक साखळीवर अख्ख्या वजनाइतका ताण येतो.

पाती बदलताना रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर उचलून कुणीही खाली शिरू नये. दोन्ही टोकांना ठोकळे द्या, लिव्हर सोडून तो त्यावर बसवा, इंजिन बंद करा.

क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडणं, भरलेल्या ट्रॉलीचा ॲक्सल, उतारावरचं कुठलंही काम, ही एकट्याची कामं नाहीत. तिथं मेकॅनिकची वाट बघा, दोन दिवस गेले तर जाऊ देत. बाकी कामांनाही घरी सांगून जा की मी कुठल्या रानात आहे आणि किती वाजता फोन करीन. फोन अंगावर ठेवा, ट्रॅक्टरच्या सीटवर नको. 108 कर्नाटकातही चालतो आणि सीमेपलीकडंही.

पाणी परत भरताना व्हॉल्व्ह अगदी वर आणा. पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आलं की टायर साधारण 75 टक्के भरला, त्याहून जास्त नको. मग हवा मारा. तासभर काम करून नट पुन्हा तपासा, पान्याला अर्धा आटा तरी मिळतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रॉली जोडायच्या आधी, आणखी एकदा.