छोट्या कीबोर्डवर जुन्या इलेक्ट्रिक पियानोचा आवाज कसा काढावा

७३ पट्ट्यांचा जुना रोड्स पियानो हलवायला दोन माणसं लागायची. त्याचा आवाज आता दोन किलोच्या आतल्या यामाहा रीफेस सीपीवर मिळतो. हा कीबोर्ड २०१५ साली आला. मात्र बटण फिरवलं की रोड्स वाजला, असं होत नाही. तो बोटांनी काढावा लागतो.

पट्ट्या ३७ आणि त्याही बारीक, म्हणून याला खेळणं समजू नका. दुसऱ्या महायुद्धात हॅरल्ड रोड्स यांनी जखमी सैनिकांना अंथरुणात बसून वाजवता यावा म्हणून विमानाच्या अ‍ॅल्युमिनियम नळ्यांपासून जो पियानो केला, त्याला २९च पट्ट्या होत्या!

आधी सहा पेन्सिल सेल घाला, किंवा अ‍ॅडॉप्टर लावा. आतले स्पीकर लहान आहेत, खर्ज नीट ऐकू येत नाही. सरावाला हेडफोनच वापरा. सस्टेन पेडल (पट्टी सोडली तरी सूर धरून ठेवणारं) वेगळं घ्यावं लागलं तरी घ्याच.

आता सगळे इफेक्ट बंद करा, ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं बटण) शून्यावर आणा आणि ‘आरडी वन’ हा रोड्सचा आवाज निवडा. पांढरी एक (सी सुराची पट्टी) अगदी हलकी वाजवा, मग दर वेळी थोडा जोर वाढवा. हलक्या हाताला घंटेसारखा गोल सूर येतो, जोरात तोच सूर खरखरीत होतो. मूळ वाद्यात हातोडी पोलादी काडीवर आपटते आणि समोरचा चुंबकीय पिकअप तिची कंपनं टिपतो. काडी जास्त हलली की आवाजाला धार येते. पेटीवर जोर भात्याचा असतो, त्यामुळे पेटीवाल्यांचा हात सगळ्या पट्ट्या सारख्याच दाबतो. ती सवय मोडेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग स्वरसंगती. पांढरी एक सा धरून डाव्या हातात फक्त सा, उजव्या हातात त्यावरचे ग-प-नि आणि वरचा रे, सगळे शुद्ध. उजवा हात तसाच ठेवून डावा मंद्र धैवतावर न्या. रंग लगेच पालटतो. डाव्या हातात खाली तीन-चार सूर एकत्र दाबू नका, नुसता गोंगाट होतो. सूर आपोआप विरतो, त्याला विरू द्या.

हात बसला की ट्रेमोलो (आवाज लाटेसारखा लहान-मोठा करणारा इफेक्ट) सुरू करा, गती संथ ठेवा. फेझर (सूर घुसळल्यासारखा करणारा इफेक्ट) आवडला तर थोडाच. ‘डब्ल्यूआर’ म्हणजे वुर्लिट्झर, दुसरा एक जुना इलेक्ट्रिक पियानो. त्यात पोलादी पात्यांवर हातोडी पडते, म्हणून त्याला थोडा ड्राइव्ह शोभतो. रीव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) सर्वांत शेवटी, तेही बेताने; सुरुवातीलाच भरपूर घातले तर बोटांचा कच्चेपणा झाकला जातो आणि सुधारत नाही.

कीबोर्डवर आवाज साठवायचं बटण नाही. जुळणी मनासारखी झाली की पॅनेलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.