मिशनसाठी परदेशी जाताय? मग आधी वर्षभर गप्प बसायची तयारी करा

रविवारी उपासना संपली की म्हापशाच्या आमच्या मराठी मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) कोणी ना कोणी मला बाजूला घेतंच, ताई आमच्या मुलाला मिशनला, म्हणजे ख्रिस्ती सेवेला परदेशी जायचंय, काय काय लागतं सांगा ना, आणि माझा चहा गार होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी आणि आमचे हे पाच वर्षं मोझांबिकमध्ये बेइरा शहरात होतो, त्यामुळे उदाहरणं तिथली, पण देश दुसरा असला तरी बरंच लागू पडेल.

आधी कागद. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम सुरू करू म्हणणारे भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका, पकडलं तर तुम्ही परत याल पण ज्या मंडळीने तुम्हाला बोलावलं तिच्या मागे लचांड लागतं. पोलीस क्लिअरन्स, जन्मदाखला, डिग्री, लग्नाचा दाखला हे सगळं दोन-तीन महिने आधीच काढायला घ्या, आणि लग्नाचा दाखला म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारचा बरं का, चर्चच्या पाळकांनी सही केलेला घरी फ्रेम करून ठेवा. मोझांबिकची सरकारी भाषा पोर्तुगीज, म्हणून सगळ्याचं पोर्तुगीज भाषांतर लागतं, ते पणजीत होऊन जातं, गोंयकार असल्याचा एवढा तरी फायदा. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, कारण सर्टिफिकेट 10 दिवसांनंतरच लागू होतं (2016 पासून ते आयुष्यभर चालतं, परत परत घ्यायला नको). विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल तर लसीचं ते सर्टिफिकेट, पिवळं कार्ड, पासपोर्टलाच लावून ठेवा. बँकेत जाऊन सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्या, हे सगळेच विसरतात.

तिथे पोचलात की परदेशी माणसाचं रहिवासी कार्ड काढावं लागतं, त्याला दीरे म्हणतात. रस्त्यात पोलीस कधीही मागतात. ओरिजिनल घरी ठेवायचं आणि नोटरीकडून शिक्का मारून आणलेली कॉपी पर्समध्ये, हे मला शेजारणीने सांगितलं, कुठल्या ऑफिसने नाही.

आता भाषा, कारण खरी गोष्ट हीच आहे आणि लोक हिलाच सगळ्यात कमी वेळ देतात. इंग्लिशवर निभेल असं समजून जाऊ नका. पोर्तुगीज इथूनच शिकून जा, गोवा विद्यापीठात विभाग आहे, पणजीत क्लास आहेत. आणि घाबरू नका हो, अर्धी भाषा तुमच्या स्वयंपाकघरात आहे! चावीला तिथे शाव्ह, बालदीला बाल्द, बटाट्याला बटाटाच, पावाला पांव, अननसाला आनानाश, पगार म्हणजे तर पैसे देणं. आमच्या घरी सासूबाई खिडकीला जनेल म्हणतात, तिथेही तोच शब्द. पण या खुशीत राहू नका, मी राहिले आणि तोंडावर आपटले. बँकेच्या काचेच्या दारावर लिहिलेलं, उच्चार ऐकला तर जवळजवळ 'पुश', म्हणून मी आपली खांद्याने ढकलतेय ढकलतेय, मागे लाइन लागली, शेवटी एका मुलाने हात पुढे करून दार अलगद स्वतःकडे ओढलं. त्या शब्दाचा अर्थ 'ओढा' असा आहे.

पोर्तुगीजने ऑफिस आणि बाजार सुटतो, पण माणसं घरात बोलतात त्या सेना किंवा नदाउ या तिथल्या भाषा. त्यातलं नमस्कार-चमत्कारापुरतं तरी आलंच पाहिजे. आणि दुकानात शिरल्या शिरल्या "टोमॅटो कसे दिले" असं आपल्या स्टाइलने विचारायचं नाही, उद्धट वाटतं, आधी बों दिया, मग बरं आहे ना, घरचे बरे आहेत ना, मग टोमॅटो. वयाने मोठ्या बाईला मामां म्हणायचं, आता आपल्या मराठी डोक्यात मामा म्हटलं की आईचा भाऊच उभा राहतो, मला सवय व्हायला दोन महिने लागले.

आपल्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ आठवा. ते कॅथलिक, आम्ही नाही, पण मिशनला जाणाऱ्या गोंयकाराने त्यांच्याकडूनच शिकावं. 1687 साली श्रीलंकेत डचांच्या ताब्यातल्या जाफन्याला मजुराच्या वेशात उतरले, तमिळ शिकले, मग सिंहली शिकले, कँडीला पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात पडले तरी तिथेच राहिले, शेवटपर्यंत. 2015 मध्ये त्यांना संतपद मिळालं ते आपण सगळ्यांनी साजरं केलं, पण भाषा शिकताना त्यांना किती वेळ गेला असेल ते कोणी सांगत नाही.

म्हणून माझं सरळ मत, पहिलं वर्ष कामाचं धरूच नका. मागच्या बाकावर बसा. उपासना तीन तास चालेल, बसा. खुर्च्या लावा, भांडी घासा, तुम्हाला साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला उभं केलं तर दोन वाक्यं बोलून खाली बसा. आमच्या यांना पहिल्याच महिन्यात वाटलं की संडे स्कूल असं असं चालवलं पाहिजे, म्हापशाला करतो तसं, आणि मीटिंगमध्ये बोलून पण टाकलं. सगळे हसून हो म्हणाले आणि पुढच्या रविवारी काहीच बदललं नाही. हो म्हणणं म्हणजे पाहुण्याचा मान ठेवणं होतं, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

पैशाचं पण आधी ठरवून जा. परदेशी आलाय म्हणजे पैसेवाला, असंच लोक धरतात आणि त्यांच्या हिशोबाने आपण असतोच. कोणी औषधाला मागेल, कोणी शाळेच्या फीला. दारात हातावर नोट ठेवलीत की उद्या दारात दहा जण, आणि तिथल्या पाळकांची किंमत शून्य. आम्ही नियम केला, मदत करायची ती पाळकांना विचारून, मंडळीच्या हातून. कठोर वाटतं. एकदा एका आईला नाही म्हटलं होतं ते अजून मनात आहे, तरी नियम बरोबर होता असंच म्हणेन.

तब्येत: मच्छरदाणी रोज, कंटाळा आला तरी. तिथला मलेरिया आपल्या डोक्यातल्या थंडीतापासारखा नसतो, दोन दिवसात माणूस आडवा होतो, ताप आला की त्याच दिवशी टेस्ट. सुट्टीवर गोव्यात आल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा की आफ्रिकेतून आलोय. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या डब्यात आणि उंच ठेवा, बेइरा अगदी सखल आहे, 2019 च्या मार्चमध्ये इदाई वादळाने ते शहर कसं झोपवलं ते तिथे कोणी विसरलेलं नाही.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलंच समजा, हाताने गोळा करून कालवणात बुडवायचा. मटापा खाल्लं तेव्हा मला रडू आलं, कसाव्याचा पाला, शेंगदाण्याचा कूट, नारळाचं दूध, आईच्या हातची पालेभाजी वाटली. नारळ आहे, काजू आहे, मासे आहेत, आणि आपलं चिकन कॅफ्रियलही तिकडूनच आलं म्हणतात. न्यायचंच असेल तर तिरफळं आणि आमसुलं न्या.

घरी फोन करताना लक्षात ठेवा, आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे इथली दहाची उपासना बघायची तर तिथे साडेसहाला उठायचं. पहिला नाताळ जड जातो. डिसेंबरात तिथे भर उन्हाळा आणि पाऊस, झाडावर आंबे पिकलेले, आणि कानात घरची गाणी. मी हट्टाने ओल्या नारळाच्या नेवऱ्या (करंज्या) करून शेजारी वाटल्या, संध्याकाळपर्यंत सारण आंबलं आणि कोणी तोंडाने काही बोललं नाही. सुकं खोबरं वापरा.